पुस्तक सुटले, चकती अडली

जनावरांच्या बाजारात बैलाचा सौदा कसा ठरतो, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहतात, हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबतात. भोवती पन्नास माणसे उभी असतात, पण बैल कितीला तुटला हे त्या दोघांवाचून कोणाला कळत नाही. व्यापाऱ्यांची नंदीभाषा आणि हातांच्या खुणांची करपल्लवी याच जातीच्या. चारचौघांत बोलायचे आणि तरी ते दोघांतच ठेवायचे, ही विद्या आपल्याला नवी नाही.

आज ही विद्या संगणकाकडे आली आहे. तुम्ही मोबाइलवरून खताच्या दुकानदाराला पैसे पाठवता. तो निरोप तुमच्या हातातून निघून बँकेत पोचेपर्यंत कितीतरी यंत्रांतून जातो. वाटेत कोणी तो वाचू नये, त्यातला आकडा बदलू नये, म्हणून त्याची अक्षरे ठरावीक रीतीने उलटसुलट करून पाठवतात. ज्याच्याकडे योग्य किल्ली आहे, त्यालाच तो पुन्हा सरळ करून वाचता येतो. याला कूटलेखन म्हणतात. एन्क्रिप्शन हा शब्दही तुमच्या कानांवरून गेला असेल. ते करणारी जी आज्ञावली, ती म्हणजे या निरोपाचे कुलूप.

आता मी असे सांगितले, की हे कुलूप एका बलाढ्य देशाच्या कायद्यात तोफा आणि रणगाडे यांच्या पंक्तीला बसवलेले होते, तर तुम्हाला नवल वाटेल. पण तसे ते होते. देश अमेरिका, आणि काळ फार जुना नव्हे. १९९६ सालच्या अखेरीपर्यंतचा. ते कुलूप फुकट वाटणाऱ्या आणि त्याची कृती सर्वांना उघडी करून दाखवणाऱ्या साध्या माणसांना या कायद्याने कसे कचाट्यात धरले, आणि त्यातून आपण काय घ्यावे, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

प्रथम सरकारची बाजू पाहू, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आपले लष्करी निरोप एनिग्मा नावाच्या यंत्रातून कूट करून पाठवत असे. ते दोस्तांना उलगडले, आणि त्याचा लढाईत फार मोठा उपयोग झाला. शत्रूचे कूट वाचता येणे म्हणजे त्याच्या तंबूत आपला कान असणे. तेव्हा उत्तम कुलपाची विद्या शत्रूच्या हाती जाऊ नये, असे कोणत्याही सरकारला वाटणारच. युद्धसामग्री परदेशी पाठवण्यासाठी अमेरिकेत परवाना लागतो, आणि त्या सामग्रीची एक यादी असते. त्या यादीत कूटलेखनाची यंत्रे होती. पुढे संगणक आले, तेव्हा कूटलेखनाच्या आज्ञावल्याही तीत धरल्या गेल्या.

तोवर दिवस मात्र पालटले होते. १९७६ साली डिफी आणि हेलमन या दोघा संशोधकांनी कूटलेखनाची एक नवी रीत उघडपणे छापली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी तिला व्यवहारात उतरेल असे रूप दिले. ही विद्या लष्कराच्या कोठीतून निघून महाविद्यालयाच्या फळ्यावर आली. आणि घराघरांत संगणक येऊ लागले, तशी तिची गरज सेनापतीइतकीच दुकानदाराला आणि वकिलालाही भासू लागली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या, म्हणजे पुढचे सारे सोपे होईल. रुमालाखालच्या सौद्याची रीत बाजारात सर्वांनाच ठाऊक असते. गुप्त असतो तो त्या वेळी दाबलेल्या बोटांचा आकडा. १८८३ साली केर्कहॉफ्स नावाच्या भाषांच्या प्राध्यापकाने लष्करी कूटलेखनावर लिहिताना हेच तत्त्व सांगितले होते: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त असावी ती फक्त किल्ली. आजही या विषयातले जाणते लोक हेच मानतात. ज्या कुलपाची रचना लपवून ठेवावी लागते, ते कुलूप कच्चे. रचना दहा जाणत्यांना दाखवावी, त्यांनी खोट काढावी, ती आपण दुरुस्त करावी, तेव्हाच त्याचा भरवसा.

म्हणून पुष्कळ संगणकतज्ज्ञ आपल्या आज्ञावलीचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो सर्वांसाठी खुला करतात. कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. यालाच मुक्तस्रोत किंवा ओपन सोर्स म्हणतात. एखाद्या सुगरणीने लोणच्याची बरणी तर द्यावीच, वर कृतीही लिहून द्यावी, तसा हा प्रकार. पण जी वस्तू सर्वांना द्यायची, ती सरहद्दीपाशी थांबवायची कशी? नेमकी इथेच कायद्याशी गाठ पडली.

फिल झिमरमन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९९१ साली पीजीपी नावाची आज्ञावली लिहिली. साध्या माणसाला आपले पत्र बंद पाकिटात घालून पाठवता यावे, एवढाच तिचा हेतू. ती त्याने फुकट वाटली, मूळ मजकुरासकट. हां हां म्हणता ती संगणकांच्या जाळ्यातून देशाबाहेर गेली. १९९३ साली झिमरमनवर फौजदारी चौकशी बसली. आरोप काय, तर परवान्यावाचून युद्धसामग्री परदेशी जाऊ दिली! या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकत होता. ज्याने एक पैसा घेतला नव्हता, त्या माणसाच्या डोक्यावर ही तलवार १९९६ सालच्या जानेवारीपर्यंत टांगती राहिली. मग खटला न भरताच चौकशी बंद झाली.

तुम्ही म्हणाल, कायदा म्हटला की तो पाळायला हवा. खरे आहे. पण हा कायदा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हेच कोणाला नीट सांगता येईना. १९९४ सालची गोष्ट पाहा. ब्रूस श्नायर यांचे कूटलेखनावरचे एक पुस्तक निघाले होते. त्यात आज्ञावल्यांचा मूळ मजकूर जसाच्या तसा छापलेला होता. फिल कार्न नावाच्या अभियंत्याने सरकारला विचारले, की हे पुस्तक मला परदेशी पाठवता येईल का? उत्तर आले, खुशाल पाठवा. मग त्याने तोच मजकूर संगणकाच्या चकतीवर, म्हणजे फ्लॉपीवर, घातला आणि पुन्हा विचारले. उत्तर आले, नाही, ही युद्धसामग्री आहे! तीच अक्षरे, तेच आकडे. कागदावर असली तर ज्ञान, आणि चकतीवर असली तर शस्त्र. पुस्तक सुटले, चकती अडली.

मग लोकांनी कायद्याच्या याच फटीतून वाट काढली. १९९५ साली अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेच्या प्रकाशनाने पीजीपीचा सारा मजकूर पुस्तकरूपाने छापला. पुढे १९९७ साली पीजीपीची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तिचा मजकूर सहा हजारांहून अधिक पानांत, बारा पुस्तकांत छापून युरोपात नेण्यात आला. पुस्तकांना बंदी नव्हतीच. तिकडे सत्तरांहून अधिक माणसांनी ती पाने एकेक करून यंत्राखाली घातली, अक्षरे पुन्हा संगणकात उतरवली, चुका शोधून दुरुस्त केल्या. हजार तासांहून अधिक मेहनत झाली आणि तीच आज्ञावली परदेशात, कायद्याला धक्का न लावता, पुन्हा उभी राहिली. एवढा खटाटोप करून साधले काय? तर जे एका क्षणात जाणारच होते, ते काही महिने उशिरा गेले.

शिक्षक बंधुभगिनींनी आता जी हकीकत सांगतो, ती जरा लक्ष देऊन ऐकावी. डॅनियल बर्नस्टाइन हा कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातला विद्यार्थी. त्याने कूटलेखनाची एक नवी रीत शोधली, तीवर निबंध लिहिला आणि आज्ञावलीही लिहिली. ती प्रसिद्ध करावी का, असे त्याने १९९२ साली सरकारला सरळपणे विचारले. उत्तर मिळाले, की परवाना हवा. म्हणजे विद्यार्थ्याने आपला अभ्यास छापण्याआधी शस्त्रांच्या निर्यातीचा परवाना काढायचा! १९९५ साली त्याने न्यायालयात दाद मागितली. पुढच्या वर्षी न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी निर्णय दिला, की संगणकाच्या भाषेत लिहिलेला मजकूर हीदेखील वाणीच आहे, आणि वाणीला राज्यघटनेचे संरक्षण आहे. १९९९ साली वरच्या न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक मतांनी निकाल त्याच्याच बाजूने दिला. तो निकाल फेरविचारासाठी मोठ्या पीठाकडे गेला, पण तेवढ्यात नियमच बदलले. तो भाग पुढे येईल.

दुसरे पीटर युंगर. ओहायो राज्यात कायद्याचे प्राध्यापक. संगणक आणि कायदा हा विषय शिकवताना ते वर्गात कूटलेखनाची छोटीशी आज्ञावली दाखवत. पण नियम असा, की परदेशी माणसाला अशी वस्तू देशातल्या देशात दाखवली, तरी ती निर्यातच धरली जाई. म्हणजे गुरुजींनी वर्गाच्या दाराशी उभे राहून, बाळा, तू कोणत्या देशाचा, असे विचारायचे, आणि मगच आत घ्यायचे की नाही ते ठरवायचे. युंगर न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयात हरले. परंतु २००० सालच्या एप्रिल महिन्यात वरच्या न्यायालयानेही मान्य केले, की मूळ मजकूर हे विचार सांगण्याचे साधन आहे आणि त्याला वाणीस्वातंत्र्याचे संरक्षण मिळते. आपल्याकडे विद्यादानाला सर्वश्रेष्ठ दान म्हणतात. तिथे त्या दानालाच जकातनाका लागला होता.

मोठ्या व्यापारी कंपन्यांनी यातून वेगळी वाट काढली. त्यांनी कुलपे दोन तऱ्हेची केली. देशासाठी भक्कम आणि परदेशासाठी कच्ची. परदेशी जाणाऱ्या कुलपाची किल्ली चाळीस बिटांची असावी, असा दंडक होता. बिट म्हणजे किती, हे बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांच्या गोष्टीवरून समजेल. पहिल्या घरात एक दाणा, पुढच्यात दोन, पुढे चार, असे प्रत्येक घराला दुप्पट. इथेही एकेक बिट वाढला की संभाव्य किल्ल्यांची संख्या दुप्पट होते. चाळीस बिटांच्या किल्ल्या होतात सुमारे १ लाख १० हजार कोटी. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो. संगणकाला तो काहीच नाही. देशातल्या लोकांसाठी १२८ बिटांची किल्ली होती, आणि तिच्या शक्यतांची संख्या लिहायला एकोणचाळीस अंक लागतात! परदेशी गिऱ्हाइकाला दिलेले ते कच्चे कुलूप १९९५ साली फ्रान्समधल्या एका संशोधकाने सुमारे १२० संगणक जुंपून आठ दिवसांत उघडून दाखवले. १९९७ साली बर्कलीच्या एका विद्यार्थ्याने चाळीस बिटांचे कुलूप अवघ्या साडेतीन तासांत फोडले.

मुक्तस्रोतवाल्यांना मात्र अशी दोन कुलपे करणे जमणारे नव्हते. मजकूरच उघडा, तिथे कच्चे काय आणि पक्के काय! मग काम सरहद्दीपलीकडे गेले. ऑस्ट्रेलियात एरिक यंग आणि टिम हडसन यांनी एक कूटलेखनसंग्रह लिहिला. त्यातूनच १९९८ च्या अखेरीस ओपनएसएसएल ही आज्ञावली निघाली, आणि पुढे जगातल्या असंख्य संगणकांनी ती वापरली. जर्मनीत वेर्नर कॉख यांनी पीजीपीच्या तोडीची खुली आज्ञावली लिहिली. ओपनबीएसडी या प्रकल्पाचे ठाणे कॅनडात होते, म्हणून त्यांनी कूटलेखनाचा भाग बिनदिक्कत बरोबर दिला. डेबियन या प्रकल्पाने तर कूटलेखनाच्या आज्ञावल्यांची कोठीच निराळी करून अमेरिकेबाहेर ठेवली. बांधाला पाणी अडवायला जावे आणि पाण्याने शेजाऱ्याच्या रानातून वाट काढावी, तसे झाले. विद्या थांबली नाहीच. फक्त अमेरिकेतल्या होतकरू पोरांना आपल्याच घरी बसून ते काम करायची चोरी झाली.

अखेर सरकारलाही हे उमगले. १९९६ च्या अखेरीस व्यापारी कूटलेखन युद्धसामग्रीच्या यादीतून काढून व्यापार खात्याकडे दिले गेले. बंधने मात्र पुष्कळशी राहिली. २००० सालच्या जानेवारीत खरी ढिलाई आली. ज्या आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांसाठी उघडा आहे, तिला आधी तपासणी नको. ती कुठे ठेवली आहे, एवढे सरकारला कळवले की पुरे. २०२१ सालापासून, रूढ कूटलेखन वापरणाऱ्या उघड्या मजकुरासाठी, ही वर्दी देण्याचीही गरज उरली नाही. तीस वर्षांत गाडी इथवर आली.

आता कोणी म्हणेल, झाले गेले गंगेला मिळाले. पण तसे झाले नाही. ती कच्ची कुलपे बनवली गेली, ती कुठे ना कुठे पडून राहिली. २०१५ साली संशोधकांच्या ध्यानात आले, की असंख्य संगणकांनी भक्कम कुलपाबरोबर ते जुने निर्यातीचे कच्चे कुलूपही आत ठेवले आहे. एखाद्या भामट्याने मध्येच शिरून युक्ती केली, तर ती दोन यंत्रे भक्कम कुलूप सोडून कच्चेच लावून बसत. आणि या फटीत सापडलेल्या संकेतस्थळांत खुद्द अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे संकेतस्थळ होते! परक्यासाठी म्हणून मुद्दाम हलके केलेले कुलूप वीस वर्षांनी आपल्याच दाराला लागलेले निघाले.

हा प्रश्न काही अमेरिकेपुरता नाही. आपला देश २०१७ सालच्या डिसेंबरमध्ये वासेनार करारात सामील झाला. शस्त्रे आणि दुहेरी उपयोगाच्या वस्तू यांच्या निर्यातीवर लक्ष ठेवणारा हा अनेक देशांचा करार आहे. त्याच्या याद्यांत कूटलेखनही येते. पण जी आज्ञावली सर्वांसाठी खुली केलेली आहे, तिला वगळण्याची तरतूद त्यात आहे. ही तरतूद कागदावर एका ओळीची दिसते, पण वर सांगितलेली सारी धडपड तिच्यामागे उभी आहे. त्याआधी २०१५ च्या सप्टेंबरात आपल्याकडे कूटलेखन धोरणाचा एक मसुदा आला होता. कूट करून पाठवलेला मजकूर लोकांनी साध्या रूपात नव्वद दिवस जपून ठेवावा, असे त्यात म्हटले होते. पाकीट बंद करून टाकायचे, आणि पत्राची उघडी नक्कल घरात ठेवायची! लोकांनी ओरड केली आणि काही दिवसांतच तो मसुदा मागे घेतला गेला.

आणि खुल्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांच्या वाटेतले अडसरही सारे निघालेले नाहीत. २०१९ साली गिटहब या अमेरिकन कंपनीने, जिथे जगभरचे लोक आपल्या आज्ञावल्या ठेवतात, इराण, सीरिया आणि क्रिमिया येथील लोकांच्या खात्यांवर बंधने आणली. कारण त्यांच्या देशाचे व्यापारी निर्बंध. त्यात सापडले ते बहुधा साधे शिकाऊ आणि नोकरदार. इराणपुरती परवानगी सरकारकडून मिळायला २०२१ साल उजाडले. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण अशा वेळी आठवते.

मग काय, सरकारने काहीच नियम करू नयेत? मी तसे म्हणत नाही. गुन्हेगारही कुलूप वापरतो, त्याने कूट केलेला निरोप पोलिसांना वाचता येत नाही, ही अडचण खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण कोयत्याने ऊसही तोडतात आणि खूनही करतात. म्हणून लोहाराने कोयता कसा घडवायचा हे शिकवू नये, असे आपण म्हणत नाही. खून करणाऱ्याला धरतो. नियम कृत्याला लावावा, विद्येला नव्हे. ही विद्या अशी आहे, की ती अडवली तर दुर्जन दुसरीकडून मिळवतो. आणि नियम पाळणारा सज्जन मात्र कच्च्या कुलपाच्या घरात राहतो. अमेरिकेच्या त्या अनुभवाचे सार मला तरी एवढेच दिसते.

शिक्षकांनी हे मुलांना जरूर सांगावे. वर्गात दोन मुले उभी करावी, सर्वांसमक्ष सांकेतिक लेखनाची रीत ठरवावी, आणि किल्लीचा आकडा तेवढा त्या दोघांच्या कानात सांगावा. रीत सर्वांना ठाऊक असूनही चिठ्ठी वाचता येत नाही, हे मुलांना पाचच मिनिटांत कळेल. त्यातल्या एखाद्या हुशार पोराने सगळ्या किल्ल्या लावून पाहिल्या आणि चिठ्ठी वाचली, तर त्याला रागावू नका. किल्ली लहान पडली, एवढेच त्याने दाखवून दिले. मोठी किल्ली द्या आणि पुन्हा बसवा.

आणि घरोघरच्या मंडळींनी एक गाठ पदराला बांधावी. तुमच्या पैशाचे कुलूप घडवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी आपली कृती जगापुढे उघडी ठेवली आहे. ते सुरक्षित आहे ते त्या उघडेपणामुळेच. पण किल्ली तुमच्या हातात आहे. बँकेचा गुप्त आकडा, मोबाइलवर येणारा एकवेळचा आकडा, ही ती किल्ली. बँकेतून बोलतो म्हणून कोणी कितीही गोड आवाजात मागितली, तरी ती सांगू नका. जगातले सर्वांत भक्कम कुलूपसुद्धा, मालकानेच किल्ली दिली तर, चोराला अडवू शकत नाही.